फॅसिझमनं आधी सहकारी संस्था का जाळल्या?

उत्तर इटलीत पो नावाची मोठी नदी आहे. तिच्या खोऱ्यात १९२० च्या सुमाराला गहू, भात आणि साखरबीट पिकायचं, साखरेचे कारखाने होते. जमीन थोड्यांच्या मालकीची आणि राबणारे हात हजारोंचे. या शेतमजुरांनी वर्षानुवर्षं खपून स्वतःच्या संस्था उभ्या केल्या होत्या. कामावर कुणाला आणि किती मजुरीवर घ्यायचं हे जमीनदार एकटा ठरवू शकत नसे, मजुरांच्या संघटनेशी बोलावं लागे. सहकारी दुकानात रास्त भावात माल मिळे. गावोगावी मजुरांच्या बैठकीच्या जागा होत्या, तिथं एक जण पेपर वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. अनेक नगरपालिका याच लोकांनी निवडून आणल्या होत्या. पंचगंगा-भोगावतीच्या काठच्या कोल्हापूरकराला हे चित्र फार परकं वाटणार नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून शहरांतून ट्रक भरभरून तरुण पोरं या गावांत येऊ लागली. अंगात काळे शर्ट, हातात दंडुके, काहींकडे बंदुका. संघटनेचं कार्यालय पेटवायचं, सहकारी दुकानातला माल रस्त्यावर फेकायचा, मजुरांच्या पुढाऱ्याला बायकापोरांदेखत घरातून ओढून मारायचं, जबरदस्तीनं एरंडेल पाजून त्याची गावभर विटंबना करायची. पैसा मोठे जमीनदार पुरवत. पोलीस उशिरा येत, नाहीतर आले तरी बघत उभे राहत. १९२१ च्या पहिल्या सहा महिन्यांतच शंभराहून जास्त सहकारी संस्था आणि शंभराहून जास्त कामगार-कार्यालयं अशी उद्ध्वस्त झाली. या टोळ्यांचा नेता होता बेनितो मुसोलिनी. त्यानं मार्च १९१९ मध्ये मिलानमध्ये आपली संघटना काढली होती आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नव्हती.

लोकांनी मतपेटीतून झिडकारलेली माणसं तीन वर्षांत देशाच्या सत्तेवर कशी बसली, हे कळलं की फॅसिझमचा बराचसा उलगडा होतो. सुरुवात सहकारी संस्थांपासून का झाली, यातच त्याची मेख आहे. ज्या मजुरामागं संघटना आहे, दुकान आहे, बैठकीची जागा आहे, त्याला धमकावणं अवघड असतं. हे सगळं जळून गेलं की तोच मजूर एकटा उरतो. पो खोऱ्यात पुढं नेमकं हेच झालं. स्वतःची संघटना संपल्यावर काम मिळवायला त्याला फॅसिस्टांच्याच संघटनेत नाव नोंदवावं लागलं. काही महिन्यांपूर्वी ज्यांनी त्याचं कार्यालय जाळलं, त्यांच्याच दारात तो रांगेत उभा राहिला. त्यानं विचार बदलले असतील असं मला वाटत नाही. त्याच्या घरी चूल पेटायला हवी होती.

आपल्याकडं कुणी जरा दमदाटी केली की त्याला फॅसिस्ट म्हणून मोकळं होतात. घरातला कडक बाप, कॉलेजचा खडूस प्राचार्य, मनमानी करणारा सरपंच, सगळेच फॅसिस्ट. यामुळं खरी वस्तू समोर येते तेव्हा ती ओळखता येत नाही. प्रत्येक जुलमी सत्ता फॅसिस्ट नसते. राजे जुलमी होते, लष्करशहा जुलमी असतात. त्यांना लोकांनी गप्प घरी बसावं एवढंच हवं असतं. आणीबाणीत, जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंत, हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली, वर्तमानपत्रांचा गळा दाबला गेला. ती हुकूमशाहीच होती. तरी गल्लोगल्ली गणवेशातल्या टोळ्या उभ्या करून शेजाऱ्यावर सोडल्या गेल्या नाहीत. कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याचंही उदाहरण आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका-मुलं जास्त. पोलंडवर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आला. वळिवड्याला आलेल्या बहुतेकांना स्टालिनच्या राजवटीनं घरातून उचलून सैबेरिया आणि मध्य आशियाकडं हाकललं होतं. जुलूम दोन्हीकडून झाला, पण दोन्ही राजवटींची जडणघडण वेगळी होती.

मग फॅसिझम कशाला म्हणायचं? त्याला लोक गप्प बसलेले चालत नाहीत, त्याला लोकांचा उत्साह लागतो. आपला देश, आपला समाज एके काळी थोर होता, त्याला कुणीतरी नासवलं, अपमानित केलं, आता पुन्हा उभं राहायचं, ही गोष्ट आधी सांगितली जाते. नासवणारा बाहेरचा कमी आणि घरातला जास्त असतो. जर्मनीत ज्यू, इटलीत आधी समाजवादी आणि १९३८ च्या कायद्यांनंतर ज्यूही. मग एक नेता पुढं येतो आणि मीच म्हणजे जनता असं मानू लागतो. त्यामुळं त्याला प्रश्न विचारणारा आपोआप जनतेचा शत्रू ठरतो. खासगी टोळ्या हिंसा करतात आणि सरकारी यंत्रणा तिकडं काणाडोळा करते. या सगळ्या गोष्टी सुट्या सुट्या अनेक ठिकाणी दिसतात. त्या एकत्र येऊन एकमेकींना बळ देऊ लागल्या की सावध व्हायचं. पक्ष कुठला, झेंडा कुठला, हे बघून ही मोजपट्टी बदलू नका. आपल्या आवडत्या नेत्यालाही तीच लावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हा धोका स्वच्छ मांडला होता. धर्मात भक्ती ही मुक्तीची वाट असू शकेल, पण राजकारणात भक्ती आणि व्यक्तिपूजा ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची हमखास वाट आहे, असं त्यांनी बजावलं. तोवर हिटलर आणि मुसोलिनी मरून चार वर्षं झाली होती आणि जगानं ती वाट शेवटपर्यंत पाहिली होती.

लोकांनीच हिटलरला निवडून दिलं, असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला ३३.१ टक्के मतं पडली, आधीपेक्षा कमी. समाजवादी आणि कम्युनिस्ट या दोन डाव्या पक्षांची मिळून ३७ टक्क्यांहून जास्त होती. पण ते दोघे एकमेकांनाच मुख्य शत्रू समजत होते. कम्युनिस्ट तर समाजवाद्यांनाच फॅसिस्ट म्हणत. शेवटी ३० जानेवारी १९३३ ला वृद्ध राष्ट्राध्यक्षांनी हिटलरला चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमलं, कारण त्यांच्या भोवतीच्या प्रतिष्ठित, खानदानी मंडळींना वाटलं की या माणसाची गर्दी आपल्याला मिळेल आणि लगाम आपल्या हातात राहील. इटलीतही वेगळं काही घडलं नाही. १९२१ मध्ये जुन्या मुरब्बी पंतप्रधानांनीच आपल्या आघाडीत फॅसिस्टांना घेतलं आणि त्यांचे ३५ खासदार झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळे शर्टवाले रोमवर चालून निघाले, तेव्हा सैन्यानं मनात आणलं असतं तर त्यांना सहज पांगवता आलं असतं. पंतप्रधान लष्करी कायद्याचा हुकूम घेऊन गेले आणि राजानं सही केली नाही. मुसोलिनी मिलानमध्येच थांबला होता. तो रात्रीच्या रेल्वेनं आला आणि पंतप्रधान झाला.

त्यानंतर बरंचसं कायद्याच्या आडून झालं, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं. इटलीत १९२३ मध्ये कायदा आला की सगळ्यांत जास्त मतं मिळवणाऱ्या यादीला, ती २५ टक्क्यांच्या वर असली की, दोन तृतीयांश जागा. पुढच्या वर्षी दहशतीत निवडणूक झाली. जाकोमो मात्तेओत्ती या खासदारानं ३० मे १९२४ ला सभागृहात उभं राहून त्या गैरप्रकारांचा पाढा वाचला आणि १० जूनला त्याला पळवून नेऊन ठार मारलं गेलं. देश हादरला. मुसोलिनीची खुर्ची खरोखर डळमळली होती. पण विरोधी पक्ष निषेध म्हणून सभागृह सोडून गेले आणि राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले. राजानं काही केलं नाही. जानेवारी १९२५ मध्ये मुसोलिनीनं भर सभागृहात झाल्या गोष्टींची जबाबदारी छाती काढून स्वतःवर घेतली आणि १९२६ संपेपर्यंत बाकीचे पक्ष बेकायदा ठरले होते. जर्मनीत हेच काही महिन्यांत उरकलं. २७ फेब्रुवारी १९३३ ला संसदेला आग लागली, दुसऱ्याच दिवशी वटहुकमानं नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले, मार्चमध्ये हिटलरला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार मिळाला. त्या ठरावाच्या विरोधात मतं पडली ती फक्त ९४ समाजवादी खासदारांची.

या सगळ्यात सामान्य माणूस कुठं होता? बराचसा रोजगाराच्या शोधात. १९३२ मध्ये जर्मनीत साठ लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. त्याआधी १९२३ च्या महागाईत आयुष्यभराची बचत मातीमोल झाली होती. अशा घरातल्या पोराला कुणीतरी गणवेश देतं, नाव देतं, तुझ्या हलाखीला हा शेजारी जबाबदार आहे असं सांगतं, रात्री एकत्र जेवायला बसवतं. आपल्या तालुक्यांतल्या बारावी झालेल्या, भरतीत दोन-चार वेळा नापास झालेल्या, लग्न न जमणाऱ्या पोरांकडं बघितलं की मला हे पटतं. त्यांना शत्रू समजून आपलं भागणार नाही. त्यांना खरी ओळख आणि खरं काम द्यायला आपण कमी पडलो, म्हणून ती मिळेल तिथं गेली.

दुसरा भाग जास्त बोचरा आहे. हिटलरच्या गुप्त पोलिसांकडे माणसं लोकांना वाटायची त्यापेक्षा पुष्कळ कमी होती. त्यांची कितीतरी प्रकरणं शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या चुगल्यांवर उभी राहिली. कुणाला फ्लॅट हवा होता, कुणाला नोकरीतली बढती, कुणाला जुनं भांडण फेडायचं होतं. इटलीत १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी नकार देणारे डझनभरच निघाले. बाकी सगळे फॅसिस्ट होते म्हणून सह्या झाल्या नाहीत. प्रत्येकाला वाटलं, मी एकट्यानं नकार देऊन काय होणार?

एकट्यानं फारसं होत नाहीच, म्हणून एकत्र नकार दिल्यावर काय झालं ते बघू. मार्च १९२० मध्ये बर्लिनमध्ये काप नावाच्या माणसानं सैन्याच्या तुकड्या घेऊन राजधानी ताब्यात घेतली. लोकनियुक्त सरकार पळालं. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. वीज, पाणी, ट्राम, छापखाने बंद. सरकारी कारकुनांनी हुकूम पाळले नाहीत आणि मध्यवर्ती बँकेनं अधिकृत सही नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला. चार-पाच दिवसांत काप पळून गेला. त्याच जर्मनीत १९३३ मध्ये कामगार संघटनांच्या नेत्यांनी आता जुळवून घेऊ म्हणत नाझींनी आयोजित केलेल्या १ मेच्या सोहळ्याला जा असं सभासदांना सांगितलं. २ मेच्या सकाळी त्यांची कार्यालयं ताब्यात गेली आणि नेते अटकेत. दोन्ही वेळी सभासद मोठ्या संख्येनं होते. फरक पडला तो सगळ्यांनी मिळून वेळेवर नाही म्हणण्याचा.

नॉर्वेच्या शिक्षकांची हकिगत तर प्रत्येक शिक्षक मेळाव्यात सांगितली जावी अशी आहे. १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतला. फेब्रुवारी १९४२ मध्ये क्विसलिंग या त्यांच्या हस्तकानं फर्मान काढलं की सगळ्या शिक्षकांनी नव्या सरकारी संघटनेचं सभासद व्हायचं आणि मुलांनी नाझी युवक संघटनेत जायचं. देशात बारा हजारांच्या आसपास शिक्षक होते. त्यांच्यात गुपचूप निरोप फिरला आणि बहुसंख्य शिक्षकांनी सरकारला एकाच मजकुराचं पत्र पाठवलं. माझ्या विवेकाविरुद्ध मुलांना घडवण्याचं काम मी करणार नाही आणि मी स्वतःला या संघटनेचा सभासद मानत नाही, असा त्याचा आशय. मजकूर सगळ्यांचा सारखा, पण पत्र प्रत्येकाचं वेगळं, स्वतःच्या नावानिशी. सरकारनं जळणाचा तुटवडा आहे असं कारण देऊन शाळा बंद केल्या, तर शिक्षक घरांतून शिकवू लागले आणि पालकांनीही निषेधाची पत्रं धाडली. सुमारे हजार शिक्षकांना पकडलं, त्यांतल्या पाचशेएक जणांना बोटीत कोंबून अगदी उत्तरेच्या टोकाला थंडीत हमालीला नेलं. तरी बाकीच्यांनी सह्या केल्या नाहीत. नोव्हेंबरपर्यंत शिक्षक घरी परतले आणि ती सक्ती क्विसलिंगला सोडून द्यावी लागली. बंदूक कुणी उचलली नव्हती. सोपं मात्र नव्हतं. कित्येक महिने पगाराविना, बापाविना काढलेली ती घरं होती.

आता आपल्या गावाचं बोलू. कोल्हापूरला शाहू महाराजांचा वारसा आहे असं म्हणून आपण लवकर निर्धास्त होतो. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा सगळ्या समाजांच्या मुलांची बोर्डिंगं उभी केली, हे आपण पाठ करतो. पण जून २०२३ मध्ये काही मोबाइल स्टेटसवरून याच शहरात बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात माणसांची घरं आणि मशीद फोडली गेली. प्रत्येक दंगल म्हणजे फॅसिझम नव्हे. तरीही एखाद्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्या अख्ख्या समाजाला शिक्षा करायची सवय जिथं लागते, तिथं फॅसिझमला तयार जमीन मिळते. गजापुरात जे घडलं ते शाहूंच्या कोल्हापूर जिल्ह्यात घडलं, हे मान्य करूनच पुढं बोलता येईल.

आपल्याकडं जपण्यासारखंही पुष्कळ आहे. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. कोल्हापुरात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की कितीतरी तालमींत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी असतात. कॅलेंडरवर छापायला हे छान दिसतं, पण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. मिरवणुकीचा मार्ग, मांडवाची जागा, वर्गणी यासाठी या माणसांना वर्षभर एकमेकांशी बोलावं लागतं. रात्री अकराला अफवा सुटली तर कुणाला फोन लावायचा हे त्यांना ठाऊक असतं. तालमीच्या ज्येष्ठांनी हे नंबर पुढच्या पिढीकडं सोपवले नसतील तर या गणपतीत ते काम करा.

सहकारी संस्थांबद्दल मात्र मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था, साखर कारखाने यांचं जाळं आपल्याइतकं दाट क्वचितच कुठं असेल. पण वार्षिक सभेत विषयपत्रिका वाचून संपायच्या आत ‘मंजूर, मंजूर’ असा ओरडा होतो आणि सभा गुंडाळली जाते. ज्या सभासदाला आपल्याच दुधाच्या दराबद्दल उभं राहून प्रश्न विचारायची हिंमत होत नाही, तो उद्या मोठ्या सत्तेला काय विचारणार? महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसार सभासदाला संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त संस्थेच्या कार्यालयात फुकट बघता येतं. दोघा-तिघांनी मिळून जा, वाचा, लेखी प्रश्न द्या. नाही म्हणण्याचा सराव छोट्या जागी झाला असेल तर तो मोठ्या जागी उपयोगी पडतो.

रोजच्या गोष्टी याहून साध्या आहेत. १ एप्रिल १९३३ ला नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, दारात दंडुकेवाले उभे केले. काही जर्मन तरीही आपल्या नेहमीच्या दुकानात गेले. अमक्या समाजाच्या दुकानातून घेऊ नका असा मेसेज आला तर कपिलतीर्थ मार्केटात तुमचा नेहमीचा भाजीवाला, फळवाला सोडू नका, आणि जाताना पोराला बरोबर न्या. ग्रुपवर भडक व्हिडिओ पडला की कुणी पाहिलं, कुठलं आहे, कधीचं आहे, एवढं विचारा. टाकणाऱ्या पुतण्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नका, त्यामुळं तो जास्त हट्टाला पेटतो. संध्याकाळी फोन करा, नाहीतर घरी जा. भाड्यानं घर देताना आडनाव बघून नकार देणाऱ्या सोसायटीच्या बैठकीत एक जण तरी विरोध नोंदवणारा असू द्या, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या.

भीती खरी असते, तिला हसू नये. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतताना याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्या पत्नी उमाताईही जखमी झाल्या. २० तारखेला पानसरे गेले. त्यानंतर कोल्हापूरकर ‘आम्ही सारे पानसरे’ म्हणत घराबाहेर पडले आणि पहाटे एकत्र चालू लागले, त्याला त्यांनी निर्भय मॉर्निंग वॉक म्हटलं. मी याला प्रतीकात्मक म्हणून हलकं लेखत नाही. एकट्यानं पहाटे रस्त्यावर जायला घाबरणारी माणसं शंभरांनी निघाली की त्यांची भीती थोडी कमी होते.

शेवटी कायद्याचं. जमावाच्या हिंसेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये सक्त निर्देश दिले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जापेक्षा खालचा नसलेला नोडल अधिकारी हवा आणि अशी हिंसा रोखण्याची जबाबदारी त्याची. समाजासमाजांत वैर पसरवणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३ अ खाली गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आहे. गावात तणावाची कुणकुण लागली तर दंगल होण्याची वाट बघू नका. वेगवेगळ्या समाजांच्या दहा-बारा जणांच्या सह्यांचा अर्ज करा. कोणी, कुठं, कोणत्या तारखेला काय चिथावणी दिली ते त्यात लिहा, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. तो पोलीस ठाण्यात आणि अधीक्षकांच्या कार्यालयात, दोन्हीकडं द्या, आणि दोन्हीकडून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.